मनौस : साडेतीन महाराष्ट्र

रविवारी दुपारी तीनला आमचं कोर्ट भरायचं, आणि मिलिंदच्या बायकोचा, रेखावहिनींचा फोन आला तेव्हा अडीच वाजले होते. मी लंडनमधल्या ईलिंगच्या घरात एका हातात बूट आणि दुसऱ्या हातात फोन घेऊन जिन्यावर बसलो होतो. स्लाऊला त्यांच्याकडेच निघालो होतो. "भाऊजी, सावकाश या," वहिनी म्हणाल्या. "आता घाई नाही." मिलिंद गेला हे त्यांनी मला तेवढ्याच शब्दांत सांगितलं. मी आयुष्यभर साधी गोष्ट तीन अंकांत सांगत आलेला माणूस. त्या दिवशी मला एक वाक्यही जुळवता आलं नाही. "येतो," म्हणालो आणि बूट तसाच हातात धरून बसून राहिलो…

मिलिंदला जाऊन सात आठवडे झाले. तो नागपूरचा आणि मी पुण्याचा, म्हणजे आमची मैत्री व्हायचं काही कारण नव्हतं. स्लाऊच्या ट्रेडिंग इस्टेटवर एका गोदामाचं सॉफ्टवेअर आम्ही दोघं सांभाळायचो. पहिल्याच दिवशी मी त्याला कामाची ओळख म्हणून एक लांबलचक किस्सा रंगवून सांगितला. तो शांतपणे ऐकून म्हणाला, "छान सांगतो तू. आता यातलं खरं किती ते सांग." पुढची आठ वर्षं तो मला हेच विचारत राहिला. तो बाबासाहेबांच्या विचारांत वाढलेला होता. बुद्धांनी 'ये आणि स्वतः बघ' असं सांगितलंय, 'शिरीष सांगतो म्हणून मान' असं कुठे सांगितलेलं नाही, असं तो वहिनींसमोर हात जोडून मला ऐकवायचा.

ब्राझीलचं खूळ त्याचं. वेम्बलीला किराणा आणायला गेलेला हा माणूस परत येताना चॅरिटी शॉपमधून ब्राझीलचा भलामोठा नकाशा घेऊन आला, आणि घरातल्या छोट्या खोलीत त्यानं तो भिंतीवर लावला. पन्नाशीच्या आत तिघांनी तिकडे जायचं ठरलं. पण तीन आठवड्यांच्या रजेत एवढा देश कुठून बघणार? रिओ, साल्वादोरची जुनी वस्ती, इग्वासूचे धबधबे, पांतानालची दलदल, अॅमेझॉनकाठचं मनौस… यादी वाढत गेली आणि रजा होती तेवढीच राहिली. अंतरांचा तर आम्हाला काही अंदाजच येईना. मैल सांगा, किलोमीटर सांगा, डोक्यात काही उभं राहायचं नाही. मग मिलिंदनं पापडाच्या खोक्याच्या पुठ्ठ्यातून, त्या नकाशाच्या मापानं, महाराष्ट्र कापला. मुंबईचं टोक रिओवर टाचणीनं रोवायचं, गडचिरोलीचं टोक येईल तिथे दुसरी टाचणी, मग पुठ्ठा उचलून पुढे. रिओ ते इग्वासू, दीड महाराष्ट्र. रिओ ते मनौस, साडेतीन महाराष्ट्र. हे मात्र नीट समजलं. कापताना रत्नागिरी उडाली होती. माझं आजोळ तिथलं, म्हणून मी हरकत घेतली. "पुठ्ठा संपला बे," तो म्हणाला, "आणि तुझ्या मामाला कुठं ब्राझीलला यायचंय?" पुढे वापरून वापरून पुठ्ठा अकोल्याच्या आसपास दुमडला आणि एक बाजू लोंबायला लागली. मिलिंदनं गंभीर चेहऱ्यानं जाहीर केलं, "पाहा, विदर्भ आपोआप वेगळा होऊन राहिला."

मग कोर्ट सुरू झालं. दर रविवारी वहिनींच्या हातचं वरण-भात जेवून तीन वाजता एका ठिकाणाचा खटला चालायचा. न्यायमूर्ती मिलिंद, आणि प्रत्येक ठिकाणाचा वकील मी. पांतानालच्या वतीनं मी मगर होऊन गालिच्यावर सरपटलो आहे. साल्वादोरसाठी वहिनींची ओढणी गुंडाळून आणि कुकरची शिट्टी वाजवत नाचलो आहे. शेजारच्या इंग्रज आजीबाईंनी एकदा दार वाजवून सगळं ठीक आहे ना, अशी चौकशी केली होती. मिलिंद हसून डोळे पुसायचा, पण निकाल फिरवायचा नाही. एक ठिकाण मात्र त्यानं माझ्याकडे सोपवलं नव्हतं. मनौसचा वकील तो स्वतःच. तिथे एक काळ्या पाण्याची आणि एक गढूळ पाण्याची अशा दोन नद्या भेटतात आणि मैलोन्मैल न मिसळता शेजारी शेजारी वाहतात. एक गार, एक कोमट. होडीतून हात बुडवला की सीमा हाताला कळते म्हणतात. "मला पटून नाही राहिलं," तो म्हणायचा. "पाणी कुठं पाण्याला धरून राहतं का? मी जाऊन हात घालून बघणार. खोटं निघालं तर तसं सांगेन." ही एवढीच त्याची बाजू. ना ओढणी, ना मगर.

आणि इथे मला माझी गोष्ट सांगायला हवी. गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये ऑक्टोबरची रजा ठरत आली होती. तिकिटं तेवढी काढायची होती. ऑक्टोबर हा मिलिंदनं मनौससाठी निवडलेला महिना. मला मात्र रिओचा कार्निव्हल बघायचा होता, आणि तो फेब्रुवारीत. त्या रविवारी मी माझ्या आयुष्यातला सर्वांत चांगला प्रयोग केला. डोक्यावर वहिनींची पिठाची चाळणी, चाळणीत कांद्याची पात खोचून पिसांचा मुकुट, कमरेला टेबलक्लॉथ. मी सोफ्यावर चढून मिरवणूक काढली. वहिनी हसून हसून खाली बसल्या. मिलिंद बराच वेळ नकाशाकडे बघत होता. मग म्हणाला, "ठीक आहे बे. फेब्रुवारी. नदी कुठं पळून जाऊन राहिली?" मी जिंकलो होतो. पातीसकट वाकून मी नमस्कार केला…

नोव्हेंबरमध्ये पाठदुखीचं निमित्त झालं. जीपी डॉक्टरनं तपासण्या सांगितल्या, आणि त्यानंतर कुठल्याच महिन्याबद्दल कोणी बोलेना. फेब्रुवारीत तो हॉस्पिटलमध्ये होता. वॉर्डच्या कोपऱ्यातल्या टीव्हीवर बातम्यांत रिओची मिरवणूक दाखवत होते. मी रिमोट शोधायला लागलो. मिलिंद म्हणाला, "राहू दे. वकीलसाहेब, तुमची केस लागलीय." मला बोलायचं होतं. मी म्हणालो, "मिल्या, ऑक्टोबरमध्ये आपण…" त्यानं हात वर केला. "न्यायमूर्ती कोण होतं? मी ना? मग निकालही माझाच." आणि थोड्या वेळानं म्हणाला, "पण काय चाळणी घातली होतीस, राजा." आम्ही दोघंही हसलो. मी त्याच्यापेक्षा जरा लवकर थांबलो.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाल्यावर दोन आठवड्यांनी वहिनींनी मला बोलावलं. छोटी खोली रिकामी करायची होती. मी नकाशा उतरवला आणि भिंतीकडे बघत राहिलो. टाचण्या नकाशातून भिंतीत गेल्या होत्या. इग्वासूच्या वाटेवर एक बारीक छिद्र. साल्वादोरच्या वाटेवर एक. मनौसच्या वाटेवर मात्र तीन भोकं, बोटाचं टोक जाईल एवढी, कडांचं प्लास्टर झडलेलं. "हे कधी केलं यानं?" मी विचारलं.

"रोजच," वहिनी म्हणाल्या. "तुम्ही फेब्रुवारी म्हणालात त्यानंतरही. मार्चमध्ये घरी आणलं, तेव्हा उभं राहवत नव्हतं, तर खुर्चीत बसून मला मोजायला लावायचे. म्हणायचे, कमी झालं का बघ."

मी नकाशाची गुंडाळी खाली ठेवली. म्हणालो, "वहिनी, तो ऑक्टोबर माझ्यामुळे गेला."

"हो," त्या म्हणाल्या. "मला राग होता तुमचा. थोडा अजूनही आहे." त्यांनी कपाटातून पुठ्ठ्याचा महाराष्ट्र काढला. अकोल्यापाशी दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावलेली होती. ते मिलिंदनं शेवटच्या आठवड्यात कधीतरी केलं असणार. तो त्यांनी माझ्या हातात ठेवला. "तुम्ही जाऊन या. माझं मन नाही होत. पण पाण्यात हात घालून बघा, आणि आल्यावर पहिलं मला सांगा." दारापर्यंत सोडायला आल्या तेव्हा म्हणाल्या, "भाऊजी, एक ऐका. वाढवून सांगू नका. त्यांना जसं हवं होतं तसं सांगा."

तो पुठ्ठा आता माझ्या टेबलावर असतो. रविवारी तीनला जेवण झालं की मी तो उगीच उचलतो, अकोल्याच्या चिकटपट्टीवरून अंगठा फिरवतो आणि परत ठेवतो. ऑक्टोबरची रजा मंजूर झालीय. रिओ नाही, धबधबा नाही, एकच ठिकाण. घरात आरशासमोर उभं राहून मी सांगण्याची तालीम करतो… हे मला सवयीनं येतं, आणि प्रत्येक वेळी दुसऱ्या वाक्यालाच हात हवेत जातात. मग खाली आणतो. होडीतून वाकून हात पाण्यात घालेन. गार लागलं तर गार म्हणेन, कोमट लागलं तर कोमट. आणि काहीच फरक कळला नाही, तर स्लाऊला येऊन तसंच सांगेन.