पोराच्या पिक्चरमध्ये बाप

मी गेलो होतो ते फक्त मेंढरांसाठी. आधीच सांगून ठेवतो, न्हाईतर लोक म्हणतात, पिक्चरचं नाव ऐकून म्हातारा पाघळला.

नरसीजवळच्या आमच्या गावात भजनी मंडळानं देवाधर्माचा पिक्चर काढायचं ठरवलं. घर सोडून गेलेला पोरगा देवळापाशी परत येतो अन् त्याचा मेंढपाळ बाप त्याला माफ करतो, अशी गोष्ट. पिक्चर काढणारा माझाच लेक. वारंगा फाट्यावर त्याचं लग्नाच्या शूटिंगचं दुकान. मेंढरं राखणार न्हाई म्हणला, म्हणून चार वर्षांमागं म्याच काठी उगारून त्याला घराबाहेर काढला होता. तवापासून बोलणं बंद. त्याची माय रोज माझ्याशी भांडायची. मी हट्टाला पेटलेलो. आतून जीव तुटायचा, खोटं काहून बोलू?

पिक्चरला माझीच मेंढरं पाहिजे होती, अन् ती दुसऱ्याच्या हाकेला थांबत न्हाईत, म्हणून मला जावं लागलं. देवळापुढं बापाचं काम एक रिटायर मास्तर करून राहिले होते. हात वर करून, गोड गोड आवाजात, "बाळा, मी तुला क्षमा केली आहे." पाच-सहा वेळा तेच. माझं डोकंच फिरलं.

"ओ मास्तर, असा कोन बाप बोलतो? शाळेत कविता म्हणून राहिले का?"

सगळे हसले. लेक हसला न्हाई. कॅमेऱ्यामागूनच म्हणला, "मग आबा, तुमीच करून दाखवा."

चार वर्षांनी पहिल्यांदा बोलला.

म्या मास्तरांना बाजूला सारलं. समोर कॅमेरा, अन् त्याच्यामागं माझं लेकरू. कसंबसं म्हणलं, "तुझं काहीच चुकलं न्हाई रे. माझं चुकलं. काठी उगारायला नको होती म्या. चाल घरी."

मास्तर ओरडले, "अहो, उलटं झालं! माफी पोरानं मागायची!"

"थांबा मास्तर," लेक म्हणला, अन् कॅमेरा तसाच चालू ठेवून धावत आला. पाया पडायला वाकला, तर म्या वरच्यावर धरून छातीशी घेतला. साऱ्या मंडळादेखत दोघं बी ढसाढसा रडलो. लाज वाटली का? अजिबात न्हाई! पिक्चरमध्ये बी तेच ठेवलंय.

त्या दुपारी गल्लीच्या तोंडापासूनच बायकोला हाक मारली, "अगं ए, जास्तीची भाकर टाक! तुझा लेक आणलाय!"

ती पिठाच्या हातानं धावत आली अन् त्याला बिलगली. माझ्याकडं ढुंकून बघितलं न्हाई. न्हाई तर न्हाई! मी छाती काढून दारात उभा राहिलो, अन् येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून सांगत सुटलो, "माझा पोरगा आलाय. मी माफी मागून आणलाय."