फोटोत न मावलेलं तोंड

माझ्या मावसभावाच्या तोंडाइतकं मेहनती तोंड अख्ख्या मराठवाड्यात दुसरं झालं नाही. निजामाचं राज्य जाऊन पाच-सहा वर्षं लोटली होती, मुलूख शांत झाला होता. अशांतता काय ती या दहा वर्षांच्या पोराच्या तोंडावर शिल्लक होती. आधी नाक वर चढायचं, मग उजवा डोळा गच्च मिटायचा, मग डावा खांदा उडी मारून कानाला भेटून यायचा, आणि शेवटी घशातून 'घुर्रक्' असा आवाज निघायचा. तो संपला की पुन्हा नाकापासून सुरुवात. अधूनमधून चवीला शिंका. त्याच्या एका शिंकेनं दोन एकरांतली पाखरं उडायची, त्यामुळं त्याच्या वडलांची, म्हणजे काकांची, गोफण कायम खुंटीला. शिंक झाली की निघालेल्या माणसानं पुन्हा बसायचं, हा गावाचा शिरस्ता. कळंबच्या बाजाराला निघालेली गाडी याच्यामुळं तीनदा माघारी फिरली आणि चौथ्यांदा निघेस्तोवर बाजार उठला, असं गाडीवान सांगायचा. गाडीवान खोटारडा होता. गाडी दोनदाच फिरली होती.

मी तेव्हा मावशीकडं राहून त्याच्याच वर्गात होतो. शाळेत नवे मास्तर आले आणि पहिल्याच तासाला त्यांनी याला नऊचा पाढा विचारला. यानं नाक चढवलं, उजवा डोळा मिटला. "मला डोळा मारतोस? मास्तरला?" म्हणून मास्तरांनी छडी उचलली, तेवढ्यात याचा खांदा उडाला आणि 'घुर्रक्' ऐकून मास्तरच दोन पावलं मागं सरले. पण महिनाभर समोर बसवून त्यांचंही नाक वर चढायला लागलं. पुढं तपासणीला साहेब आले, तेव्हा मास्तरांसकट सगळ्या वर्गानं नाक उडवून त्यांना नमस्कार केला. साहेबांनी शेऱ्यात काय लिहिलं कोण जाणे, पण जाताना त्यांचा खांदा जरा उडाल्यासारखा मला वाटला.

हे बारा महिने नव्हतं बरं का. उन्हाळाभर याचं तोंड देवळापुढच्या नंदीसारखं निवांत असे. रानात ज्वारी निसवली, कणसांवर ती पिवळी भुकटी धरली, की नाक कामाला लागायचं. गावानं निदान करून टाकलं होतं: भानामती. एका मांत्रिकानं नाकाला अंगारा फासला, त्यावर हा असा शिंकला की मांत्रिकाच्या दाढीतून दोन दिवस राख गळत होती. पुढं हे पोरगं माझ्याबरोबर आमच्या घरी कळंबला राहायला आलं. पंधरा दिवसांत तोंड गप्प! माझ्या आईनं हे हेरलं आणि काकांना बोलावून दोघांना डॉक्टरकडं धाडलं. डॉक्टर नवे, तरुण. म्हणाले, "फुलोऱ्याची धूळ नाकात जाते. शिंका त्यानंच येतात. तोंडाचे चाळेही त्यातूनच येत असतील. खात्री नाही देत."

काका ताडकन उठले. "भानामती म्हना, नजर म्हना, आमच्या घराण्याचा दोष म्हना, समदं ऐकून घेतो. पर माझ्या ज्वारीवर आळ घ्यायचा न्हाय! चल रं." उंबऱ्यावर थांबून पुन्हा म्हणाले, "घरची ज्वारी हाय ती!"

त्याला पुढच्या शाळेसाठी सोलापूरला मामाकडं धाडायचं ठरलं, तेव्हा मावशीनं एकच मागणं मागितलं. "पोरगं चाललं. त्याचं तोंड मला घरात पायजे. एकदा तरी गप बसल्यालं." म्हणून बार्शीहून फोटोवाला बोलावला. मावशी म्हणाली, दारापुढं बसू. काका म्हणाले, "दार समद्यांनाच असतंय. आपली ज्वारी बघ की!" आणि माणूसभर उंच, ऐन फुलोऱ्यातल्या ज्वारीपुढं त्यांनी आम्हाला नेऊन बसवलं. फोटोवाल्यानं काळ्या कापडात डोकं घातलं. "हलू नका. श्वाससुद्धा घेऊ नका."

मी त्याला अगदी चिकटून बसलो होतो. त्याचे कान लाल झाले, मांडीवरच्या मुठी पांढऱ्या पडल्या. गप्प बसायला एवढा जोर लावणारा माणूस मी पुढं कधी पाहिला नाही. मावशी कॅमेऱ्याकडं बघत पुटपुटत होती, "जरासंच राजा, जरासंच." फोटोवाल्यानं भिंगाचं झाकण काढलं, आणि नाक निघालं. त्यामागून डोळा, खांदा, सगळी वरात.

फोटो आला. काका दगडासारखे, मावशी दगडासारखी, मी गारगोटीसारखा. ज्वारीचं कणीस न् कणीस मोजून घ्यावं. मधे एक सदरा, आणि त्यावर तीन नाकांचा एक ढग. काका म्हणाले, "ज्वारी झकास आलीय." फोटोवाला बिचारा रडकुंडीला आलेला. "मावशी, फुकट काढून देतो परत." मावशीनं पदरानं काच पुसली. "ऱ्हाऊ द्या. हाय तसाच आलाय."

सोलापुरात सगळं थांबलं. दिवाळीला, उन्हाळ्यात तो यायचा तो इस्त्री केलेलं तोंड घेऊन. पुढं कचेरीत लागला. तिथं तो इतका स्थिर बसे, की मुंगी नाकावर चढून पलीकडं उतरली तरी सही हलायची नाही. मावशी त्याला फोटोशेजारी उभं करायची, दोघांकडं आळीपाळीनं बघायची. "लई शहाना झाला," म्हणायची. पण बघायची फोटोकडंच.

ती गेली वैशाखात. रानात ज्वारीचं ताटदेखील उभं नव्हतं. तो आला, सगळं यथासांग केलं. चेहऱ्याची रेष हलली नाही. बायका कुजबुजल्या, "शहरानं पोरगं दगड केलं." तेराव्याला पाहुणे पांगल्यावर तो फोटोपुढं उभा राहिला. मी मागंच होतो. पाहतो तो त्याचं नाक हळूच वर चढलं.

"अरे गड्या, ज्वारी नाही रे आता रानात."

"म्हाईत हाय," तो म्हणाला, आणि उजवा डोळा गच्च मिटला. बराच वेळ उघडला नाही.

काका काठी टेकत आले. त्याच्या डाव्या खांद्यावर त्यांनी हात ठेवला. तो खांदा उडाला तसा त्यांचा हातही उडाला, पण त्यांनी दाबला नाही, काढलाही नाही.

"बघ," काका म्हणाले. "म्या तवाच म्हनलो हुतो. ज्वारीचा दोष नव्हता."