नलूताईंचा कावळा

मुलांच्या पुस्तकांसाठी आयुष्यभर चित्रं काढणाऱ्या नलूताई एकदा आमच्या प्रकाशनात कावळ्याच्या गोष्टीची चित्रं घेऊन आल्या. त्यासाठी आठवडाभर त्या गच्चीवर कावळे न्याहाळत बसल्या होत्या. काळ्या शाईतला तो कावळा मान तिरकी करून रोखून बघत होता.

"ताई, याला जरा हसरा करा. मुलं घाबरतील," संपादक म्हणाले.

"कावळा हसत नाही. तो आपल्याला जोखतो."

"मग दुसऱ्या कुणाकडून करून घ्यावं लागेल."

"घ्या की," म्हणत ताईंनी चित्रं पिशवीत भरली.

मी जिन्यापर्यंत त्यांच्यामागे गेले. "ताई, एका रेघेचा तर प्रश्न होता."

"म्हणूनच नाही ओढली. मुलांशी खोटं बोलायला एक रेघ पुरते." कावळ्याचं चित्र माझ्या हातात देऊन त्या निघून गेल्या.

पुस्तक हसऱ्या कावळ्यासकट निघालं. ताईंना पुन्हा बोलावणं गेलं नाही. मुलं घाबरतात हे खरंच. पण घाबरूनही बघायची त्यांची तयारी असते. डोळे झाकतो ते आपण.

ते चित्र मी घरी भिंतीवर लावलं. माझी तीन वर्षांची लेक त्यापुढे थबकली, दोन पावलं मागे सरली. मग कमरेवर हात ठेवून पुढे झाली आणि दरडावून म्हणाली, "काय बघतोस रे?"