मोठ्या बाजाची बोटं

पालमच्या एसटीत शेजारच्या साठीतल्या माणसाच्या पायाशी बँडचा भलामोठा बाजा होता. तो तीन बोटं गुडघ्यावर दाबून बघत होता; बोटं चुकली की पुन्हा पहिल्यापासून.

“दात पडले, मावशी. ट्रम्पेट सुटलं. हे नवं शिकायलोय. दाबायचे दट्टे ह्यालाबी तीनच, पर सूर लय निराळे.”

माझ्या वरातीत मी येडी नवऱ्याऐवजी ट्रम्पेटवाल्याकडंच बघत होते. मागच्या या धुडाकडं ढुंकूनही पाहिलं नव्हतं. त्याला तसं सांगितलं.

तो हसला. “ट्रम्पेटवर एकट्याला गाणं वाजवता येतंय. ह्याचं नुसतं पों-पों. वर गाणं म्हणायला घरी कोणी न्हाई.”

मग मीच चिरक्या आवाजात वरातीतलं गाणं म्हटलं. त्यानं तोंडानं पों-पों धरलं. बोटं चुकली नाहीत. कंडक्टर बघतच राहिला.

गंगाखेडला तो उतरला. रात्री रिकाम्या घरात मी तेच गाणं म्हणायला घेतलं आणि अर्ध्यात पों-पोंसाठी थांबले.