खांबेट्यांची निकाली निघालेली तक्रार

मी आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी झालो तेव्हा आधीच्या सेक्रेटरींनी मला कपाटाच्या किल्ल्या दिल्या, शिक्का दिला आणि पोट सुटलेली एक फाइल दिली. "ही खांबेट्यांची," ते म्हणाले. "बाकी सगळ्या सभासदांची मिळून एक आहे. ती पातळ आहे." एवढं बोलून ते जिना उतरले. इतक्या हलक्या पावलांनी उतरताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

यज्ञेश्वर खांबेटे दुसऱ्या मजल्यावर राहायचे. जन्म नारायण पेठेतला, सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात आणि निवृत्तीनंतर कोथरूडला आमच्या इमारतीत ब्लॉक. माणूस सरळ, व्यसन एकच, तक्रारीचं. जिना कोपऱ्यात झाडला जात नाही. टाकी भरून वाहते आणि कुणाला पाझर फुटत नाही. प्रत्येक पत्राला विषय, संदर्भ, 'वरील विषयास अनुसरून' आणि तळाला 'प्रत माहितीसाठी'. एकदा माझ्याविरुद्धच्या पत्राची प्रत त्यांनी माहितीसाठी माझ्या बायकोला दिली होती. तिने ती जपून ठेवली आहे.

सोसायटी ही तर घरचीच. स्वारगेटला बस थांब्याच्या पुढे जाऊन थांबते म्हणून बसवाल्यांना पत्र, श्रीखंडाच्या डब्याचं झाकण निघत नाही म्हणून कारखानदाराला पत्र, आणि वर्तमानपत्रं आपलं पत्र छापत नाहीत म्हणून वर्तमानपत्रांना पत्र. उत्तर कुठूनही येत नसे. एकदा मी वैतागून म्हणालो, "खांबेटे, एवढं लिहून होतं काय?"

"काही होत नाही," ते शांतपणे म्हणाले. "अहो, मी जन्मभर आवक-जावकच्या टेबलावर बसलो. तक्रार आली की नंबर घालायचा, शिक्का मारायचा आणि आत पाठवायची. आत तिचं काय होतं ते मी पाहिलंय."

"मग लिहिता कशाला?"

"नाही लिहिलं तर त्यांना वाटेल, सगळं ठीक आहे."

मी त्यांचं नवं पत्र फाइलीला लावलं.

त्यांच्या पत्नी मंदाकिनीवहिनी याच्या अगदी उलट. शाळेत ग्रंथपाल होत्या. बोलणं बेताचं, वाचन अफाट. कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत वाचत, गॅसच्या रांगेत वाचत. आमच्या इमारतीतली निम्मी पोरं हिंजवडीच्या कंपन्यांत लागली, त्यांना न्यायला सकाळी गाड्या येऊ लागल्या, घराघरांत कॉम्प्युटर आले, तरी वहिनी आपल्या खिडकीत पुस्तक घेऊन तशाच बसलेल्या दिसायच्या. मग त्यांच्या डोळ्यांच्या पडद्याची झीज सुरू झाली. आधी बारीक अक्षरं गेली, मग मोठी. आता गेलं ते परत यायचं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं.

खांबेट्यांनी वाचून दाखवायला घेतलं. उत्साह दांडगा, पण स्वभाव आडवा आला. वाक्यागणिक लेखकाविरुद्ध तक्रार. "स्वारगेटवरून निघालेला टांगा पाच मिनिटांत पर्वतीला? आणि वर घोडा म्हातारा म्हणे! याला कोणी जाब विचारला नाही?" भिंतीपलीकडे मलाही सगळं ऐकू यायचं. महिनाभर वहिनींनी सोसलं. मग एकदा म्हणाल्या, "अहो, आता वाचू नका. मला पुस्तक ऐकायचं असतं. माझं मी, एकटीने. ते आता होणार नाही, तर राहू दे."

त्यानंतर त्या घरात फार शांतता झाली. मला आधी बरं वाटलं आणि मग अजिबात बरं वाटेना.

वरच्या मजल्यावरची पूर्वा वाटी परत द्यायला खाली गेली, तिने ते पाहिलं. पूर्वा एका सॉफ्टवेअर कंपनीत इंजिनिअर. तिच्या स्कूटीविरुद्धही खांबेट्यांची पत्रं माझ्या फाइलीत होतीच. वहिनी खिडकीत बसल्या होत्या, मांडीवर पुस्तक होतं, आणि ते उलटं होतं. पूर्वा वाटी ठेवून परत आली. रविवारी मात्र सीडी घेऊन त्यांच्या दारात उभी राहिली.

खांबेट्यांचा मुलगा आमोद अमेरिकेला जाताना त्याचा कॉम्प्युटर ठेवून गेला होता. त्यात इतके व्हायरस शिरले होते की त्यावर वहिनी टेबलक्लॉथ घालून ठेवायच्या. पूर्वाने तो पुसून काढला आणि त्यात लिनक्स नावाची वेगळी ऑपरेटिंग सिस्टिम घातली. सोबत पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणारं एक सॉफ्टवेअर, त्याला मराठीही येत होतं. असलं विकत मिळणारं सॉफ्टवेअर खांबेट्यांच्या ऐपतीबाहेरचं होतं आणि त्याला मराठीचा गंधही नव्हता.

"याचं बिल?" खांबेट्यांनी विचारलं.

"फ्री आहे, काका. हे कुणा एका कंपनीचं नाहीये. जगभरातले लोक मिळून लिहितात आणि सगळ्यांसाठी ओपन ठेवतात. कोणीही बघा, वापरा, दुरुस्त करा."

खांबेट्यांचा चेहरा पडला. "फुकट? म्हणजे तक्रार कुणाकडे करायची?"

पूर्वा हसली. "काका, तक्रार करणं ही तर याची मेन सोय आहे."

त्यांचा विश्वास बसला नाही. माझाही नव्हता. पैसे मोजून घेतलेल्या वस्तूची दाद लागत नाही, तिथे फुकटच्या वस्तूसाठी कोण बसलंय?

पण वहिनी ऐकू लागल्या. पूर्वाने पुस्तकं भरून दिली होती. आवाज यंत्राचा, सपाट, निवडणुकीच्या रिक्षातून बोलल्यासारखा. वहिनींना तेच आवडलं. "याला मत नाही," त्या म्हणाल्या. कानात इअरफोन घालून त्या पुन्हा खिडकीशी बसू लागल्या.

आणि मग ते अडलं. एका जुन्या कादंबरीत लांबच लांब परिच्छेद होते, आपल्याकडच्या लेखकांना थांबायची सवय नसतेच. तो आवाज असल्या परिच्छेदाच्या मध्यावर गप्प व्हायचा आणि पुन्हा पानाच्या सुरुवातीला जायचा. वहिनी पुढे ढकलायच्या, तो पुन्हा मागे. आठवडाभर त्या एकाच पानावर झगडल्या. शेवटी इअरफोन काढून त्याची वायर नीट गुंडाळली आणि म्हणाल्या, "झालं तेवढं वाचून पुष्कळ झालं." कॉम्प्युटरवर पुन्हा टेबलक्लॉथ आला.

खांबेट्यांनी त्याच दुपारी तक्रार लिहायला घेतली. जन्मभर केली ती रंगीत तालीम, असं म्हणायला हरकत नाही. कोणतं पुस्तक, कोणता परिच्छेद, कोणत्या शब्दाशी गाडी थांबते, लहान परिच्छेदात का थांबत नाही, सगळं नमूद. इंग्रजी खास सरकारी. पूर्वाने तक्रार पाठवायचं पान उघडलं तेव्हा मीही तिथे होतो. खरं सांगायचं तर गंमत बघायला गेलो होतो.

त्या पानावर रकाने होते. पहिला, तुम्ही काय करत होता? दुसरा, काय व्हायला हवं होतं? तिसरा, प्रत्यक्षात काय झालं? पूर्वाने ते मराठीत समजावून सांगितले. खांबेटे दुसऱ्या रकान्याकडे बघत बसले.

"काय झालं, काका?"

"काही नाही," ते म्हणाले. "काय व्हायला हवं होतं, हे मला आजवर कोणी विचारलेलं नाही. आम्हीही कुणाला विचारलं नाही. आमच्याकडे तो रकानाच नव्हता."

त्यांनी तिथे लिहिलं, माझ्या पत्नीला हे पुस्तक एकटीने, शेवटपर्यंत वाचता यायला हवं होतं. तांत्रिकदृष्ट्या ते चूक होतं, पण पूर्वाने बदललं नाही. तक्रारीला नंबर पडला. नंबर पाहून खांबेटे मला म्हणाले, "संपलं. आवक झाली."

दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तर आलं.

उत्तर चिलीतल्या एका माणसाचं होतं. चिली कुठे आहे हे बघायला आम्ही नकाशा उघडला. तो दिवसा शाळेत शिकवायचा आणि उरल्या वेळात, बिनपगारी, हे काम करायचा. मराठीचा एक शब्द त्याने कधी ऐकला नव्हता. त्याने लिहिलं होतं, इतक्या स्पष्ट तक्रारीबद्दल मनापासून आभार, तुमच्या पत्नीला झालेल्या त्रासाबद्दल क्षमस्व, तो परिच्छेद मला पाठवाल का?

खांबेट्यांनी ते वाचून घेतलं, मग स्वतः वाचलं, मग चष्मा पुसून परत वाचलं. "क्षमस्व म्हणतोय," ते म्हणाले. "त्याची काही चूक नसताना."

पुढचे काही दिवस तो माणूस विचारायचा आणि खांबेटे करून बघायचे. परिच्छेद अर्धा करून बघा. इंग्रजीतला तेवढाच लांब घालून बघा. आपल्या तक्रारीला कुणी कंटाळत नाही, हे खांबेट्यांनी प्रथमच पाहिलं. शेवटी दोष सापडला. पूर्वाने मला समजेल असा सांगितला. सतरंजीवर किती माणसं मावतील, तसा एका परिच्छेदात किती अक्षरं मावतील याचा हिशेब त्या सॉफ्टवेअरने इंग्रजी अक्षरांवरून केला होता. तिथे एक अक्षर एक जागा घेतं, आपलं एकेक तीन-तीन जागा घेतं. सतरंजी भरली की आवाज गोंधळायचा आणि पहिल्यापासून सुरू करायचा. चिलीच्या माणसाने सतरंजी मोठी केली. दुरुस्ती दोन-चार ओळींची होती. कोथरूडच्या त्या कॉम्प्युटरवर ती आली आणि जगात जिथे जिथे हे सॉफ्टवेअर होतं तिथेही गेली.

त्यानंतर त्या तक्रारीखाली लोक लिहू लागले. मदुराईचे एक आजोबा, त्यांचं तमिळ असंच अडायचं. बँकॉकची एक विद्यार्थिनी. ढाक्याचा कोणी. सगळे अंध किंवा अर्धे अंध, सगळ्यांचं वाचन असंच मध्येच थांबलेलं, आणि सगळ्यांनी आपलंच काही चुकत असेल म्हणून वायर गुंडाळून ठेवलेली. आता सगळ्यांचं सुरू झालं होतं.

पूर्वा एकेक वाचून दाखवत होती आणि माझ्या अंगावर काटा येत होता. ज्या माणसाला टाळायला मी जिन्याऐवजी लिफ्टने जायचो, त्याच्या एका तक्रारीवर कुठल्या कुठल्या देशांतले, आयुष्यात कधी न भेटणारे लोक पुस्तकं वाचायला लागले होते. आणि ती दुरुस्ती करणाऱ्याने कुणाकडून दमडी घेतली नव्हती. माझ्यासारख्या बँकेत नोकरी केलेल्या माणसाला हे पचवणं सोपं नाही.

खांबेटे एवढंच म्हणाले, "इतक्या लोकांना त्रास होता आणि तक्रार एकानेही केली नाही. कमाल आहे." मात्र नारायण पेठेचा अभिमान त्यांच्या चेहऱ्यावर मावत नव्हता.

दोन दिवसांनी ते माझ्या दारात आले. हातात कोरा कागद होता. खांबेट्यांच्या हातात कोरा कागद मी प्रथमच पाहिला.

"सेक्रेटरी, आभाराचं पत्र कसं लिहितात? सोसायटीच्या दप्तरी एखादा नमुना असेल."

"सोसायटीला आजवर आभाराचं पत्र आलेलं नाही," मी म्हणालो.

"साहजिक आहे," ते म्हणाले.

मी त्यांच्याबरोबर गेलो. वहिनी खिडकीशी होत्या, कानात इअरफोन, डोळे मिटलेले. खांबेटे जेवणाच्या टेबलाशी बसले, 'विषय' असं लिहिलं आणि अडले. "तक्रारीला विषय असतो हो. याला काय विषय घालू?" त्यांनी लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं, पुन्हा खोडलं. मग हाक मारली, "अगं मंदा, तू सांग."

वहिनींनी ऐकलं नाही. त्या कादंबरीत काहीतरी गमतीचं घडलं असावं, कारण त्या एकट्याच, मान थोडी मागे टाकून, खुदकन हसल्या. कशाला हसल्या ते आम्हा दोघांनाही कळायला मार्ग नव्हता.

हाकेला ओ आली नाही, याची खांबेट्यांनी तक्रार केली नाही. मग त्यांनी 'विषय' खोडला, कागदावर पट्टीने दोन रकाने आखले आणि भरले.

काय व्हायला हवं होतं: पत्नीला एकटीने वाचता यायला हवं होतं.

प्रत्यक्षात काय झालं: पत्नी एकटीने वाचते आहे.