ओरडण्यापुरता श्वास

माझ्या धाकट्या भावाची मुलगी चिमी रुग्णवाहिकांच्या नियंत्रण कक्षात संगणकांची देखभाल करते. बालपणीचे हे नाव आता तिच्या वयाला शोभत नाही. परंतु घरात दुसऱ्या नावाने हाक मारली, तर ती 'ओ' देत नाही. तिचा स्वभाव थोडक्यात सांगायचा, तर वस्तू संपल्यावर सांगणाऱ्या माणसाचा तिला मनस्वी राग येतो. साखरेचा डबा रिकामा झाला की तिच्या आईला, म्हणजे माझ्या भावजयीला, ऐकून घ्यावे लागते, "संपली हे काय सांगतेस? संपत आली, हे सांगायचं असतं!"

कक्षात मदतीसाठी फोन येतात आणि कोणत्या गल्लीत कोणती गाडी धाडायची, हे तेथील एक प्रोग्राम ठरवतो. मध्यंतरी भर सकाळी तो अकस्मात बंद पडला. त्याचे कारण चिमीने मला असे समजावले: संगणकाची मेमरी म्हणजे कामाचे टेबल. त्यावर कागद मावेनासे झाले की सगळा कारभार पाहणारी ऑपरेटिंग सिस्टिम आधी काही कागद कपाटात कोंबून पाहते. तेही पुरेना, की बहुधा सर्वांत मोठा गठ्ठा उचलून खाली टाकते. तो गठ्ठा किती मोलाचा, याची चौकशी करत नाही. त्या दिवशी खाली पडला तो गाड्यांचाच प्रोग्राम. फोन घेणाऱ्यांनी कागदावर पत्ते लिहून वेळ निभावली खरी, परंतु धाप लागलेल्या एका आजींची गाडी भलत्याच गल्लीत फिरत राहिली. आजी वाचल्या. संचालकांनी मात्र चिमीला बोलावून स्पष्ट बजावले, "यंत्र आहे, अडणारच. पण पुन्हा न सांगता बंद पडलं, तर हे काम मी बाहेरच्या कंपनीला देईन." चिमीचे घर तिच्या एकटीच्या नोकरीवर चालते. त्या दिवशी ती न जेवता उठली.

तिने लागलीच इशाऱ्याची सोय केली, ती फसली. मेमरी जराशी कमी झाली, की सर्वच अधिकाऱ्यांच्या फोनवर संदेश जाऊन थडके, आणि पुन्हापुन्हा थडकत राही. गाड्यांचे प्रमुख, ज्यांना सारे मोटारमामा म्हणतात, ते एके दिवशी म्हणाले, "बाई, तुमचा तो फोन सारखा 'लांडगा आला रे' करतो. मी त्याची वाचाच बसवून टाकलीय." चौकशी करता आढळले, की सर्वांनीच आवाज बंद केला होता, आणि प्रत्येकाची प्रामाणिक समजूत अशी, की दुसरे कोणीतरी पाहत असेल.

दुसरा दोष अधिक घातक निघाला. चाचणीसाठी तिने एका जुन्या संगणकाची मेमरी मुद्दाम भरत नेली, तर संदेश निघालाच नाही. संदेश धाडायलाही थोडी मेमरी लागते, आणि नेमकी तीच उरली नव्हती! "काका, बुडणाऱ्यानं ओरडायचं, तर छातीत तेवढा श्वास नको का?" असे ती मला म्हणाली. मग इशारा देणाऱ्या प्रोग्रामसाठी तिने आरंभीच थोडी जागा अडवून ठेवली आणि ऑपरेटिंग सिस्टिमला ताकीद दिली, की काहीही फेक, पण याला हात लावू नकोस. संदेश आता टेबल भरण्याच्या पुरेसा आधी निघू लागला, आणि तोही ज्याची पाळी असेल त्याच्याच नावे. तिच्याकडे केवळ एक प्रत येई. काय झाले, जागा कोणी खाल्ली आणि काय करायचे, याखेरीज त्यात अवाक्षर नसे.

मोटारमामांना पाळी घ्यायला लावणे सोपे नव्हते. "मला इंजिन कळतं, बाई. हे नाही."

"इंजिन तापलं की काटा चढतो ना, मामा? तो बघून तुम्ही गाडी बाजूला घेता. इथंही तेवढंच करायचं."

"काटा माझ्यावर ओरडत नाही."

"मी तरी कुठे ओरडते?"

यावर कक्षात हशा पिकला आणि मामांनी पाळी घेतली, असे तिनेच मला सांगितले.

खरी कसोटी लागली, ती चिमी दंतवैद्याच्या खुर्चीत असताना. अक्कलदाढ काढायची होती. सोबतीला मी होतो. "अक्कल शिल्लक ठेवा, एवढंच बघा," असे डॉक्टरांना सांगून तिने तोंड उघडले. इंजेक्शनाने तिचा अर्धा चेहरा बधिर झाला, तोंडात कापूस बसला, आणि तेवढ्यात माझ्या हातातला तिचा फोन वाजला. मी वाचले: "मेमरी संपत आली आहे. गाड्यांचा प्रोग्राम बंद पडण्याचा धोका. सर्वाधिक जागा वार्षिक अहवालाने घेतली आहे. तो थांबवा. पाळी: मोटारमामा."

चिमी ताडकन उठून बसली. मी मामांना फोन लावला.

"काका, तुम्ही? तिला द्या."

"तिच्या तोंडात कापूस आहे."

"अरे वा! हे आधी का नाही सुचलं कोणाला?" ते म्हणाले, मग त्यांचा आवाज उतरला. "ऐका, मी इशारा बघितलाय. पण हा अहवाल खुद्द साहेबांनी लावलाय, त्यांच्या बैठकीसाठी. आणि ते बैठकीत आहेत, फोन घेत नाहीत. बंद करू?"

मी चिमीकडे पाहिले. ज्या माणसाच्या शब्दावर तिची नोकरी अवलंबून, त्याचेच काम मोडायचे होते. तिने डोळे मिटले, आणि मान जोराने होकारार्थी हलवली.

"हो म्हणते," मी म्हणालो.

"नक्की? कळ आली म्हणून नाही ना हलली मान?"

चिमीने खुर्चीच्या हातावर मूठ आपटली. तो आवाज पलीकडे पोहोचला असावा. "केला बंद," मामा म्हणाले.

आम्ही तिघे त्या लहानशा पडद्याकडे पाहत राहिलो. डॉक्टरसुद्धा हातातली पक्कड विसरले. अखेर नवा संदेश उमटला: "मेमरी मोकळी झाली. गाड्यांचा प्रोग्राम सुरळीत." चिमीने इतका दीर्घ सुस्कारा सोडला, की कापूस बाहेर आला.

लगोलग संचालकांचा फोन आला. "माझा अहवाल कोणी उडवला?"

"तिला बोलता येत नाही, साहेब. मी तिचा काका. सांगणं तिचं होतं."

"आणि बोट माझं होतं," मागून मोटारमामांचा आवाज आला.

संचालकांनी एवढेच विचारले, "गाड्या थांबल्या का?"

"एकही नाही, साहेब. एक फोनसुद्धा अडला नाही," मामा म्हणाले.

"हं." संचालकांचा स्वर निवळला. "आधी सांगा, एवढंच मी मागितलं होतं. त्या कंपनीला नको म्हणून कळवतो. आणि काका, तिला म्हणावं, दाढ निघाली की हा अहवाल दुसऱ्या संगणकावर कसा लावायचा ते मला शिकव. माझी बैठक बोंबलली ती बोंबललीच."

चिमी अर्ध्याच तोंडाने हसली; दुसरे अर्धे तिच्या ताब्यात नव्हते. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहताना पाहून डॉक्टरांनी विचारले, "दुखतंय का?" तिने मान हलवून नकार दिला आणि आपण होऊन तोंड उघडले.

परतताना टॅक्सीत तिने फोन मागितलासुद्धा नाही. माझ्या खांद्यावर मान टाकून ती गाढ झोपी गेली. पाळी अजून मोटारमामांचीच होती.