भावकू अण्णांचा निम्मा वाटा

बेळगावच्या वडगावात, विणकरांच्या वस्तीत, घरं विकणारे दलाल भारी पोचलेले. गिऱ्हाईकाला गल्ली दाखवायची ती नेमकी मागांच्या सुट्टीच्या दिवशी. त्या दिवशी सगळं कसं शांत, ओट्यावर मांजर झोपलेलं, गिऱ्हाईक एकदम खूश. माणूस पैसे मोजून राहायला येतो आणि पहिल्याच सकाळी शेजारचे यंत्रमाग खडाखडा सुरू झाले की कपाळाला हात लावून बसतो. तोवर दलाल कमिशन घेऊन पसार!

रूपाली मात्र उलट्या डोक्याची. वडगावच्याच विणकराची लेक, तिचे वडील सिद्राम अजून साड्या विणतात. ती गिऱ्हाईक आणायची तेच ऐन दुपारी, माग जोरात असताना. खुर्चीवर बसवायची, चहा पाजायची आणि ओरडून सांगायची, "ऐका नीट! रोज असंच असतंय. चालत असंल तर पुढचं बोलू." निम्मी गिऱ्हाईकं चहा अर्धा टाकून पळायची. बाजारातले दलाल फिदीफिदी हसायचे. तीही हट्टी, आपला हेका सोडायची नाही. काही वर्षं दुसऱ्यांच्या हाताखाली काढल्यावर आता पहिल्यांदाच एक सौदा तिनं एकटीनं जुळवला होता.

घर होतं बायाक्कांचं. नवरा गेल्यावर त्या हुबळीला लेकीकडं निघाल्या होत्या. घेणारे निपाणीचे मारुतीराव आणि त्यांची बायको गुणाबाई. मारुतीरावांनी उभा जन्म तंबाखूच्या वखारीत मुकादमी केलेली, आता मुलाला बेळगावात नोकरी लागली म्हणून त्याच्यासाठी आणि सुनेसाठी इथं घर हवं होतं. खरेदीचा दिवस उजाडला, सगळे सब-रजिस्ट्रार कचेरीत जमले, कागद तयार झाले. रूपाली आवारात आली तर समोर झाडाखाली भावकू अण्णा उभे!

भावकू अण्णा म्हणजे हिंडलग्याचे जुने, वजनदार दलाल. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, दोन मोबाईल, आणि तोंडात कायम उपदेश. त्यांनी रूपालीला बाजूला बोलावलं.

"पोरी, मारुतीराव माझं गिऱ्हाईक. त्या गल्लीत त्यांस्नी पयलं मी आणलतो. कमिशनातलं निम्मं माझं."

रूपाली थेट म्हणाली, "अण्णा, एवढे दिवस एका शब्दानं बोलला न्हाईसा, आणि आज खरेदीच्या दिवशी मागतासा?"

"मागतोय की आत्ता. देणार नसशील तर तसं सांग. मी मारुतीरावांच्या कानात दोन शब्द टाकतो. लई मानत्यात मला. सौदा हितंच मोडंल."

रूपालीनं मागं वळून पाहिलं. तिकडं बाकावर बायाक्का ठेवणीतली साडी नेसून बसल्या होत्या, घरचं सामानसुद्धा बांधून झालं होतं. सौदा मोडला तर त्या बाईला काय तोंड दाखवायचं? आणि मुकाट्यानं पैसे दिले तर बाजारात बोंब व्हायला कितीसा वेळ? रूपालीला दाबलं की देते, म्हणतील. आज भावकू अण्णा, उद्या चहावाला, परवा रिक्षावाला, जो तो म्हणणार गिऱ्हाईक मीच धाडलं. मग कसला स्वतःचा धंदा आणि काय! शिवाय अण्णा म्हणत होते ते खरंही असू शकत होतं. ज्यानं पहिल्यांदा जागा दाखवली त्याचा वाटा, ही धंद्याची रीत. कुणाच्या हक्काचं बुडवणं तिच्या रक्तात नव्हतं.

ती म्हणाली, "कानात कशाला? चला, त्यांच्या तोंडावरच बोलू. ते व्हय म्हणाले तर निम्मं हितल्या हितं देते."

अण्णांना काय, तेच पाहिजे होतं. ते छाती काढून मारुतीरावांसमोर उभे राहिले.

"राव, ती गल्ली तुमास्नी पयलं कुणी दाखवली? सांगा हिला."

"तुमीच की," मारुतीराव म्हणाले.

झालं! निम्मं गेलंच, रूपालीनं मनाशी धरलं. अण्णांना मात्र चेव आला. माणूस जिंकला म्हणजे गप्प बसावं, पण अण्णांच्या जिभेला हाड कुठलं!

"आणि कशी दाखवली? मुद्दाम मागांची सुट्टी बघून आणलतो. गल्ली कशी देवळासारखी शांत! हिच्यागत न्हाय, खडखडाटात बसवून माणसं पळवायची. धंदा असा करायचा असतोय, पोरी!"

आपण कुणासमोर बोलतोय हे अण्णा साफ विसरले होते. मारुतीरावांच्या भुवया चढल्या. पण आधी भडकल्या त्या गुणाबाई.

"मुद्दाम? आवो, मी तुमास्नी सरळ इचारलं हुतं, हितं मागाचा आवाज असतोय का म्हणून. तुमी काय म्हणालासा? 'आक्का, माग कवाच बंद पडलं.' असं म्हणालासा का न्हाय?"

अण्णांचा चेहरा पडला. "तसं न्हवं आक्का..."

"तसंच! आमी त्याच दिवशी इसार देणार हुतो. माझ्या मनाला पटंना, विणकराच्या गल्लीत आवाज कसा न्हाय. म्हणून पुन्हा आलो, तर ही पोरगी भेटली. हिनं आमाला त्या आवाजात बसवलं."

"दिवसा पोरगा-सून नोकरीवर, रात्री माग बंद," मारुतीराव शांतपणे म्हणाले. "आमाला चालतंय. पण ते आमी कानानं ऐकून ठरवलं. अण्णा, तुमी घर दाखवला न्हाईसा, आवाज लपवलासा. पैसं कशाचं मागतासा?"

आवारातली माणसं वळून बघायला लागली. एवढ्यात आतून नाव पुकारलं. बायाक्कांनी सही केली, मारुतीरावांनी केली, आणि बाहेर आल्यावर त्यांनी सगळ्यांदेखत रूपालीचं कमिशन तिच्या हातात ठेवलं, पुरंच्या पुरं. वर गुणाबाई म्हणाल्या, "माझी बहीण बी घर शोधतीया. तुझ्याकडंच धाडते बघ." रूपालीला तर तिथंच फुगडी घालावीशी वाटली!

अण्णा गाडीला किक मारत होते. ती मुद्दाम त्यांच्याजवळ गेली. "अण्णा, गिऱ्हाईक जरूर पाठवा. पण आधी फोन करायचा, वाटा तवाच ठरवायचा, आणि काय लपवायचं न्हाय. मग तुमचा एक रुपाया बुडणार न्हाय." अण्णांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि निघून गेले.

महिनाभर सामसूम. मग एका सकाळी ती घरी असताना अण्णांचा फोन आला.

"रूपालीताई, एक गिऱ्हाईक हाय. पाठवू का? आणि माझा वाटा किती, तेवढं आधी सांगा."

"चौथा हिस्सा," ती म्हणाली.

पलीकडून एक मोठा सुस्कारा ऐकू आला. "बरं. तुमी म्हणशीला तसं."

फोन ठेवल्या ठेवल्या ती अशी काही ओरडली की सिद्रामांनी दचकून माग थांबवला.

"काय झालं गं?"

"आप्पा, हितनं पुढं मी कुणाच्या हाताखाली न्हाय!"